बर्कशर, एम.ए.

आमच्या घरातला आपत्कालीन रेडिओ अडीच वर्षं एक अक्षरही बोलला नाही, आणि त्या अडीच वर्षांत त्याच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कोणावरही ठेवला नाही.

सुरुवात एका पत्रकापासून झाली. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, बर्कशर जिल्ह्यातल्या मेडनहेडमध्ये घर घेतलं होतं. मागे बाग, बागेला उतार, आणि उताराच्या टोकाला एक ओढा. घर दाखवणाऱ्या एजंटने त्या ओढ्याकडे हात करून 'चार्मिंग वॉटर फीचर' असं म्हटलं होतं, आणि मी मान डोलावली होती. (मी एजंट लोकांसमोर नेहमीच मान डोलावतो. लग्नसुद्धा तसंच जमलं, पण तो एजंट माझी आत्या होती.) घरात राहायला आल्यावर चार महिन्यांनी कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, गल्लीत घरोघरी पत्रकं टाकली: 'पुरासाठी तुमची तयारी आहे का?'

पत्रकात यादी होती. टॉर्च, ब्लँकेटं, डबाबंद खाणं, औषधं, महत्त्वाची कागदपत्रं आणि एक रेडिओ. माझी बायको मंजिरी शाळेत गणित शिकवते. तिने एका शनिवारी दुपारी रेडिओ सोडून सगळं आणलं, एका लाल बॅगेत भरलं, बॅग जिन्याखाली ठेवली, दोन फॉर्म भरून पोस्टात टाकले आणि चार वाजता चहाचं आधण ठेवलं.

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"झालं. फक्त रेडिओ राहिलाय. तो तेवढा तू आण."

तेवढा! जणू रेडिओ म्हणजे कोथिंबिरीची जुडी!

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी भूलतज्ज्ञ आहे. माझं आयुष्य यंत्रांकडे बघण्यात गेलं. पेशंट काय म्हणतो याला माझ्या कामात फारसं महत्त्व नाही, कारण तो झोपलेला असतो. यंत्र बोंबललं की मी धावतो. यंत्र शांत असलं की मी शब्दकोडं सोडवतो. त्यामुळे जीव वाचवणारं यंत्र निवडायचं काम कोणी माझ्यावर सोपवलं, तर मी ते काम किती मनावर घेईन याची मंजिरीला कल्पना असायला हवी होती.

मी सहा आठवडे घेतले. कॉम्प्युटरवर तक्ता केला, त्यात अकरा रकाने. अँटेनाची लांबी, सायरनचा आवाज, बॅटरी किती तास, पाण्यात पडला तर काय, जमिनीवर पडला तर काय. आमची लेक ईशा तेव्हा बारा वर्षांची होती. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून तक्ता बघायची. ईशा जन्मली इथेच, त्यामुळे तिच्या मराठीत लिंगभेद अजिबात नाही.

"बाबा, एवढी मोठी तक्ता कशाला? आपण फक्त एक रेडिओ घेते ना?"

"घेतो," मी म्हणालो.

"तू घेतो. मी घेते. ऑल ऑफ अस घेतात. बट वेन?"

अखेर मी शेजारच्या स्लाऊ गावातल्या एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात गेलो. मालक ढिल्लनसाहेब, तीस वर्षं त्याच काउंटरमागे. त्यांनी माझा तक्ता शांतपणे वाचला आणि खालच्या कप्प्यातून हँडल फिरवायचा एक छोटा रेडिओ काढून ठेवला.

"डॉक्टरसाब, ये लो. घुमाओ, सुनो, बस."

"याला सायरन आहे का? धोका आल्यावर आपोआप वाजतो का?"

ढिल्लनसाहेब बाहेर बघत राहिले. बाहेर पाऊस पडत होता. "डॉक्टरसाब, इंग्लैंड में बारिश पे बजनेवाला रेडियो लोगे, तो सोओगे कब?"

मला त्यांची कीव आली. हा मनुष्य काळाच्या मागे राहिला आहे, असं वाटून मी दुकानाबाहेर पडलो आणि त्याच संध्याकाळी मला इंटरनेटवर तो सापडला.

तो अमेरिकन होता. खास हवामानाच्या इशाऱ्यांसाठी बनवलेला. वादळ, पूर, हिमवृष्टी, काहीही येवो. एरवी तो गप्प बसतो. संगीत नाही, बातम्या नाहीत, बडबड नाही. फक्त आपल्या जिल्ह्यावर संकट आलं तरच तो जागा होतो, सायरन वाजवतो आणि काय करायचं ते सांगतो. ओक्लाहोमाच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं की या रेडिओने त्याचं कुटुंब, दोन घोडे आणि एक ट्रॅक्टर वाचवला. माझ्याकडे घोडे नव्हते, पण मुद्दा पटला.

इंग्लंडमध्ये तो कुठेच मिळेना. यावरून मला काहीतरी सुचायला हवं होतं. मला एवढंच सुचलं की इंग्रज लोक बेफिकीर आहेत. न्यू जर्सीला माझा चुलतभाऊ शिरीष राहतो, तो भारतात जाताना हीथ्रोला दोन दिवस थांबणार होता. त्याला फोन केला.

"तुला नक्की तोच हवाय?" शिरीष म्हणाला.

"नक्की."

"बरं बाबा, आणतो."

(हा संवाद लक्षात घ्या. यात कुठेही 'अरे, तो तिकडे चालत नाही' हे वाक्य नाही. पुढे मी त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं तुला शोकेसमध्ये ठेवायला हवाय!" माझी त्याच्या मनातली प्रतिमा काय आहे ते तेव्हा कळलं.)

रेडिओ आला. त्याची पिन आपल्या भिंतीत बसेना, विजेचा दाबही वेगळा. मग मी एक ट्रान्सफॉर्मर आणला. तो विटेएवढा होता आणि विटेएवढाच जड. रेडिओ फ्रिजवर, वीट फ्रिजच्या बाजूला, आणि दोघांमध्ये मायक्रोवेव्हवरून गेलेली वायर. मंजिरी ते बघून काही बोलली नाही. गणिताच्या शिक्षकांची ती एक खास शांतता असते. मुलाचं उत्तर चुकलंय, पण त्याचं त्याला कळू दे, अशी.

आता त्यात आपला जिल्हा भरायचा होता. सोबतच्या पुस्तिकेत जिल्ह्यांची यादी होती, ए पासून झेड पर्यंत, प्रत्येकापुढे सहा आकडे. यादी हजारो जिल्ह्यांची. मी धडधडत्या छातीने बी अक्षरावर आलो, बोट खाली सरकवत गेलो, आणि ओरडलोच.

"मंजिरी! आहे! बर्कशर आहे!"

"काय सांगतोस!" तीही धावत आली.

खरंच होतं. 'बर्कशर', आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'एम.ए.'

"एम.ए. म्हणजे काय?" मंजिरीने विचारलं.

"मेडनहेड!" मी म्हणालो. "एम.ए. आय. डी... मेडनहेडची पहिली दोन अक्षरं! बघ, याला म्हणतात काम. इथल्या कौन्सिलला आपला कचरा कुठल्या वारी न्यायचा ते आठवत नाही, आणि तिकडे अमेरिकेत बसून त्यांनी मेडनहेडसुद्धा सोडलं नाही!"

मी सहा आकडे भरले. एक पिवळा दिवा लुकलुकू लागला. मला भरून आलं.

"हा दिवा का लुकलुकतोय?"

"जागा आहे," मी म्हणालो. "लक्ष ठेवून आहे आपल्यावर."

त्यानंतर रेडिओ गप्प बसला. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. पाहुणे आले की मी त्यांना फ्रिजसमोर नेऊन उभं करायचो आणि म्हणायचो, "ऐका." ते ऐकायचे. "काही ऐकू येतंय?" "नाही." "तेच तर!"

दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी टेस्टचं बटण दाबून सायरन वाजवायचो. यंत्राची नियमित तपासणी हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. सायरन असा होता की शेजारच्या डेरेकच्या बागेतली कबुतरं उडायची. डेरेक निवृत्त पोस्टमन, सत्तरीच्या पुढचा, अतिशय सभ्य. पावणेअकराला तो गवत कापायचं मशीन बंद करायचा आणि टोपी काढून बाकावर बसायचा. आठ-दहा महिन्यांनी मी त्याला विचारलं, आवाजाचा त्रास होत नाही ना? तर तो घाईघाईने म्हणाला, "छे छे डॉक्टर, ज्याची त्याची श्रद्धा असते. मी माझ्या बायकोलाही सांगितलंय, ही त्यांची प्रार्थनेची वेळ आहे."

मी खुलासा करणार होतो. पण डेरेकने इतक्या आदराने टोपी हातात धरली होती की माझ्या तोंडून फक्त "थँक यू" आलं.

अडीच वर्षं अशी गेली. मग उन्हाळ्यात माझे सासरे आले.

नाना मूळचे सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी नदीची पातळी मोजली होती. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटकुळे, आवाज मात्र धरणाच्या दरवाजावर उभं राहून पलीकडच्या माणसाशी बोलण्याइतका. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन फ्रिजसमोर उभे राहिले.

"जावईबापू, हे बोलतंय कधी?"

"धोका आला की, नाना."

"आणि धोका नाही, हे कोण सांगतंय?"

"तोच सांगतो ना! गप्प बसून!"

नानांनी चहाचा घोट घेतला. "आमच्या खात्यात असा एक कारकून होता. गप्प बसायचा. आम्हाला वाटायचं काम चाललंय. नंतर कळलं, तो गेले तीन महिने ऑफिसला येतच नव्हता, खुर्चीवर कोट लावून गेला होता."

मी त्यांना पुस्तिका दाखवली, बर्कशर दाखवलं, एम.ए. दाखवलं.

"एम.ए. झालाय होय?" नाना म्हणाले. "कशात?"

त्याच दिवशी त्यांनी स्वतःची यंत्रणा उभी केली. शेडमधली एक लांब काठी घेतली, ईशाच्या लाल नेलपॉलिशने त्यावर बोटाबोटाच्या अंतरावर खुणा केल्या आणि ती ओढ्यात रोवली.

"मम्मी, माझी नेलपॉलिश कुठे गेला?" ईशा वरून ओरडली.

"गेलं नाही बाळा, सरकारजमा झालं!" नाना खालून ओरडले.

तेव्हापासून दिवसातून तीन वेळा नाना मंजिरीचे गुलाबी गमबूट घालून ओढ्यावर जायचे, काठी वाचायचे, आणि स्वयंपाकघरात येऊन जाहीर करायचे, "पातळी एक वीत दोन बोटं. परिस्थिती नियंत्रणात." मग माझ्या रेडिओकडे बघून विचारायचे, "साहेबांचं काय म्हणणं?" साहेब लुकलुकायचे.

खरं तर आमच्या दोघांत स्पर्धा लागली होती. मला मनातून वाटायचं, एकदा तरी पूर यावा, छोटासा, बेताचा, आणि नानांच्या काठीआधी माझा सायरन वाजावा. माणसाने असली इच्छा धरू नये.

जुलैत पाऊस लागला. इथला नेहमीचा भुरभुरता नव्हे. चांगला सांगलीला शोभेल असा, दोन दिवस, धो धो. शुक्रवारी मला सुट्टी होती. मंजिरी आणि ईशा आपापल्या शाळेत. मी सोफ्यावर शब्दकोडं घेऊन, नाना खिडकीत.

साडेदहाला फोन वाजला. उचलला तर एक बाई टेपवर बोलावं तसं बोलत होती, "धिस इज अॅन ऑटोमेटेड..." मी ठेवून दिला. त्या काळी दिवसाला चार फोन यायचे, खिडक्यांना दुहेरी काचा लावून घ्या म्हणून.

दहा मिनिटांनी पुन्हा तीच बाई. "खिडक्या ठीक आहेत आमच्या!" असं सांगून मी पुन्हा ठेवला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. नानांनी उचलला. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "हॅलो! फादर-इन-लॉ स्पीकिंग! सन-इन-लॉ इज इन बाथरूम! प्लीज स्पीक स्लोली!... मॅडम... मॅडम, वन मिनिट... मॅडम, आय अॅम अल्सो टॉकिंग!" मग दाणकन फोन आपटल्याचा आवाज.

"कोण होतं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"कोण की. फार उद्धट बाई. समोरच्याचं ऐकूनच घेत नाही. फ्लड फ्लड करत होती."

"फ्लड?"

"फ्लडलाइट विकत असंल."

मला ते पटलं. बागेत लावायच्या दिव्यांचेही फोन यायचे. तरी मी खात्रीसाठी फ्रिजकडे बघितलं. पिवळा दिवा लुकलुकत होता. सगळं ठीक.

एवढ्यात दारावर डेरेक. अंगात पिवळा रेनकोट, हातात दोरीचं भेंडोळं. "डॉक्टर, पाणी चढतंय. पलीकडच्या गल्लीत लोक निघालेत. तुम्ही कधी निघताय?"

"काळजी करू नकोस डेरेक," मी म्हणालो. "अजून रेडिओ काही बोललेला नाही."

डेरेकने आवाज खाली आणला. "तो... बोलतो तुमच्याशी?"

"वेळ आली की बोलेल."

डेरेकने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी आजवर ती नजर फक्त मानसोपचार विभागात पाहिली होती. "मी बाहेरच आहे," तो म्हणाला, "गरज लागली तर हाक मारा."

मी आत वळलो. "नाना, काठी काय म्हणते?"

नाना खिडकीत नव्हते. मागचं दार उघडं होतं.

बागेत गेलो आणि जागीच थांबलो. उताराच्या खालचा अर्धा भाग दिसतच नव्हता. तिथे तपकिरी पाणी होतं, वाहतं. आणि त्यापलीकडे, कंपोस्टसाठी रचलेल्या मातीच्या ढिगावर, छत्री उघडून नाना उभे. चारी बाजूंनी पाणी.

"नाना!"

"काठी वाहून गेली, जावईबापू!" ते धरणावरच्या आवाजात ओरडले.

"म्हणजे पाणी वाढलंय!"

"काठीशिवाय मी अधिकृत काही सांगू शकत नाही!"

"नाना, परत या!"

यावर त्यांनी छत्री मिटली. मग थोड्या हळू आवाजात म्हणाले, "येत होतो. एक बूट चिखलातच अडकून राहिला. आता पुढं पाऊल उचलत नाही."

तोवर सगळी गंमत होती. तिथे ती संपली. या माणसाने मला आपली मुलगी दिली होती, आणि आता तो एका पायात गुलाबी बूट घालून माझ्याच बागेत वाहून जायच्या बेतात होता. मी चप्पल काढली आणि पाण्यात शिरलो. पाणी बर्फासारखं. आधी घोटा, मग गुडघा, मग मांडी. पाय कशावर पडतोय ते दिसेना.

"सरळ येऊ नका!" नाना ओरडले. "मधे खड्डा आहे, कमरेच्या वर जाईल! उजव्या हाताला घ्या, सफरचंदाच्या झाडाच्या अंगाने. तिथं उंचवटा आहे. मी मापलंय!"

मी उजवीकडे घेतलं. खरंच, पाणी पुन्हा गुडघ्यावर आलं. नानांपाशी पोचलो तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात आला. तो गार पडला होता. 

"पाठीवर बसा, नाना."

"छे! जावयाच्या पाठीवर?"

"नाना!"

बसले. वजन असं काही नव्हतंच. वाळत घातलेला सदरा पाठीवर घ्यावा तसं. आम्ही निघालो. निम्म्यात आल्यावर त्यांना जरा धीर आला असावा, कारण त्यांनी छत्री पुन्हा उघडली. स्वतःवर. तिचं सगळं पाणी पन्हळीसारखं माझ्या मानेत.

"डावीकडं... अहो डावीकडं... आता सरळ... सावकाश, पुढं ईशाच्या सायकलचं चाक आहे."

शेवटच्या तीन पावलांवर डेरेकने दोरी फेकली. मी ती झेलायला हात वर केला. हात वर केल्याने नाना सुटले, नाना सुटताना त्यांनी माझा कान धरला, आणि आम्ही दोघे डेरेकच्या पायाशी चिखलात साष्टांग पडलो. डेरेकने टोपी काढली. सवयीने!

त्याच क्षणी बाजूच्या फाटकातून मंजिरी आत आली. शाळेतून निघून, धापा टाकत, हातात मोबाइल.

"घरचा फोन कोण कट करत होतं?"

मी आणि नाना चिखलातून एकमेकांकडे बघत राहिलो.

"दोनदा जावईबापूंनी," नाना म्हणाले.

"तिसऱ्यांदा नानांनी," मी म्हणालो.

"सरकारी पुराचा इशारा होता तो! घरी कोणी ऐकत नाही म्हणून शेवटी मला वर्गात फोन केला त्यांनी! अडीच वर्षांपूर्वी फॉर्म भरला होता मी, दहा मिनिटांत!" मग तिने वडिलांकडे नीट बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "नाना, लागलं का कुठे?"

नंतरची वीस मिनिटं मंजिरीची. नानांना कोरडे कपडे, गॅस बंद, मेन स्विच बंद, गालिचे वर, डेरेक आणि त्याच्या बायकोला आमच्याच गाडीत. मला तिने एकच काम दिलं. "जिन्याखालची लाल वस्तू घेऊन गाडीत बस. बस्स, एवढंच कर."

मी आत गेलो. आता मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात बॅगच होती. पण जिन्याकडे जाताना वाटेत फ्रिज लागतो. त्यावर बिचारा रेडिओ लाइट गेल्यावरही बॅटरीवर लुकलुकत होता. अडीच वर्षांचा सहवास! मी त्याला एका हातात घेतलं, वीट दुसऱ्या हातात घेतली, आणि मला दोनच हात आहेत.

टेकडीवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये लोकांची सोय केली होती. साठेक माणसं, चहाचं टेबल, दोन कुत्रे, एक तान्हं बाळ. ईशालाही मैत्रिणीच्या आईने तिथेच आणून सोडलं होतं. ती येऊन आजोबांना बिलगली. मंजिरीने हात पुढे केला.

"बॅग दे. नानांच्या गोळ्या निघतानाच टाकल्यात मी त्यात."

मी तिला वीट दिली.

तिने विटेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी आयुष्यात हजारो लोकांना भूल दिली आहे, पण त्या क्षणी कोणीतरी मला द्यावी असं वाटलं. सुदैवाने तिथे ड्यूटीवर असलेल्या नर्सने नानांच्या गोळ्यांची सोय केली. तेवढ्यात स्वयंसेवक बाई, मॉरीन नावाच्या, माझ्या काखेतला रेडिओ बघून आनंदल्या.

"ओह, तुम्ही रेडिओ आणलात! एकानेच डोकं चालवलं म्हणायचं! लावा ना, सगळ्यांना पाण्याची बातमी कळेल!"

साठ माणसं जवळ आली. खुर्च्या सरकल्या. एका आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मी रेडिओ टेबलावर ठेवला आणि ऐकायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. साठ माणसं श्वास रोखून शांतता ऐकत होती. काहीतरी करायलाच हवं म्हणून मी टेस्ट दाबलं.

हॉलचं छत पत्र्याचं होतं. त्या सायरनचं काय झालं असेल ते कल्पनेनेच जाणा! अर्धी माणसं दाराकडे पळाली, बाळाने टाहो फोडला, एक कुत्रा चहाच्या टेबलाखालून असा उधळला की टेबल त्याच्याबरोबर गेलं. "पाणी आलं! पाणी आलं!" असं कोणीतरी ओरडलं. पाणी नव्हे, चहा आला होता, पण पायाला लागेपर्यंत ते कोणाला कळणार? डेरेक तेवढा टोपी काढून स्तब्ध उभा होता.

सायरन थांबल्यावर ईशाने रेडिओला रबरबँडने बांधलेली पुस्तिका काढली आणि वाचायला लागली. अडीच वर्षांत ती पुस्तिका पुढून मागे वाचणारी ती पहिलीच.

"बाबा," ती म्हणाली, "लुकलुक दिवा म्हणजे 'नो सिग्नल' आहे. तो जागी नाही. तो लॉस्ट आहे."

"असं कसं? बर्कशर भरलंय मी! एम.ए.!"

"बाबा. एम.ए. इज मॅसॅच्युसेट्स."

हे वाक्य इंग्रजी होतं, त्यामुळे ते सगळ्या हॉलला कळलं. 

"तिकडे अमेरिकेत पण एक बर्कशर असते," ईशा मला समजावून सांगत होती, मी पेशंटला सांगतो तशी. "तू अडीच वर्षं त्यांची काळजी केली."

आधी मॉरीनबाई हसल्या. मग कानात यंत्र लावलेले आजोबा. मग सगळा हॉल. नाना तर इतके हसले की नर्सने येऊन त्यांची नाडी पाहिली. "जावईबापू," ते डोळे पुसत म्हणाले, "तिकडं तरी पूर आला नाही ना? तेवढं विचारून घ्या!" आणि मंजिरी, जी गाडीत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता मधेच थोडी रडलीही, ते फक्त मला कळलं. "नानांना आणलंस," ती म्हणाली. "बाकी जाऊ दे."

पाणी मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथून वळलं. शेड गेली, गवत कापायचं मशीन गेलं, घर वाचलं. नानांचा अडकलेला बूट आठवड्याने डेरेकच्या गुलाबांत सापडला.

महिन्याभराने गल्लीतल्या लोकांनी मिळून पूर-मदत समिती केली. मंजिरी सेक्रेटरी. तिने पहिल्याच बैठकीत एक यादी वाटली: इशारा आला तर प्रत्यक्ष घरी जाऊन, हाताला धरून कोणाला बाहेर काढायचं. तीन नावं होती. कोपऱ्यावरच्या ब्याण्णव वर्षांच्या आजी, कारण 'चालता येत नाही'. समोरचे मिस्टर हॅरिस, कारण 'दिसत नाही'. तिसरं नाव माझं. पुढे कारणाच्या रकान्यात बायकोच्या सुवाच्य अक्षरात दोन छोटी इंग्रजी वाक्यं होती, त्यांचं मराठी करून सांगतो:

'ऐकू येतं. ऐकत नाही.'

दुरुस्ती सुचवायची असेल तर हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. मी हात वर केला. माझ्याखेरीज कोणाचाच हात वर नव्हता, म्हणून यादी एकमताने मंजूर झाली.